तळपायाची आग

नाशिक जिल्ह्यातली एक बाजार समिती. कांद्याचा लिलाव चालू आहे. व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, दोन कांदे वरखाली करून बघतो आणि भाव पुकारतो. गाडीभाडंही सुटणार नाही, असा भाव.

आता शेतकऱ्याकडे बघा. जबडा आवळलाय. कानशिलं तापलीत. मूठ वळलीय, आणि नकळत एक पाऊल पुढे पडलंय.

हे पुढे पडलेलं पाऊल म्हणजेच राग. भीती माणसाला मागे ओढते, दुःख जागीच बसवतं. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवलं, की घाबरलेल्या माणसांना पुढे धोकेच दिसतात, रागावलेल्यांचे अंदाज मात्र आशेचे असतात. ‘हे बदलता येईल’ हा विश्वास रागाच्या पोटात असतो. आपण मुलांना राग गिळायला शिकवतो, मुलींना तर जास्तच. त्या घोटाबरोबर हा विश्वासही गिळला जातो, याचं फार वाईट वाटतं.

पण आदळआपट केली की राग निवतो, हेही खरं नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट भडकला. नुसते शांत बसलेले सगळ्यांत कमी रागावलेले होते.

मग ही आग न्यायची कुठे?

काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सोबत्यांनी तो पुढे पाच वर्षं चालवला.

आणि ६ मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे कितीतरी आदिवासी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन, पण सातबाऱ्यावर नाव नाही. कसारा घाट, मार्चचं ऊन, तापलेलं डांबर. चपला तुटल्या, तळव्यांची सालं निघाली. सुमारे १८० किलोमीटर.

११ तारखेला मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा निघालो तर पोरं अडकतील, म्हणून दिवसभर चाललेली ही माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि आझाद मैदानाकडे चालू लागली.

सोमवारी सकाळी मुलं पेपरला निघाली, तेव्हा रस्ता मोकळा होता. मैदानात माणसं फोड आलेले पाय पसरून बसली होती. त्याच दिवशी सरकारचं लेखी आश्वासन त्यांच्या हाती आलं.