अकरा महिन्यांचे उरण

उरणमधल्या भाड्याच्या घरांवरील हा माहितीपट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभराच्या आत उरणच्या मोरा बंदराला लागते. वारा फार नसेल आणि बंदरात पुरेसे पाणी असेल तर, ही अट येथील प्रत्येक प्रवासी मनातल्या मनात जोडत असतो, कारण मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही. रात्री या किनाऱ्यावर उभे राहिले की मुंबईचे दिवे समोर दिसतात. त्याच मुंबईला रस्त्याने जायचे म्हटले, तर गव्हाण फाट्यावरून नवी मुंबईला वळसा घालावा लागे, वाशीची खाडी ओलांडावी लागे आणि मग मानखुर्द, चेंबूर करीत शहरात शिरावे लागे. डोळ्यांना जवळ आणि पायांना लांब असलेले हे गाव अनेक वर्षे भाडेकरूंच्या नकाशावर जवळपास नव्हतेच. उरणमध्ये भाड्याने राहणारे बहुतेक जण उरणमध्येच नोकरीला असत: तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पात, 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात, किंवा बंदराभोवती उभ्या राहिलेल्या कंटेनर यार्डांत.

12 जानेवारी 2024 रोजी दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. शिवडी ते चिर्ले हा 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि 2018 पासून खारकोपरला येऊन थांबलेली लोकल उरणपर्यंत पोहोचली. वर्तमानपत्रांनी पुलाची छायाचित्रे मोठी छापली, ते स्वाभाविकही होते. भाड्याचे घर शोधणाऱ्या माणसाच्या हिशेबात मात्र पुलापेक्षा लोकल महत्त्वाची ठरली. पुलावरून दुचाकीला आणि रिक्षाला जाता येत नाही, आणि उद्घाटनाच्या वेळी मोटारीसाठी एका बाजूचा पथकर अडीचशे रुपये ठरलेला होता. रोज कामावर जाणाऱ्या आणि महिन्याचे भाडे मोजून देणाऱ्या माणसाला हा पूल पाहुणे आल्यावर दाखवायला उपयोगी पडतो. लोकलचा मासिक पास त्याच्या खिशाला परवडतो, आणि त्या बदल्यात नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलण्याची आणि उरणच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभे राहण्याची त्याची तयारी असते. उरणच्या मार्गावर गाड्या मुंबईसारख्या एकामागोमाग एक येत नाहीत. एक गाडी चुकली की संध्याकाळचा बराचसा भाग तिच्याबरोबर जातो, म्हणून येथे घर पाहायला आलेला माणूस खिडकीतून काय दिसते हे नंतर विचारतो. स्थानक चालत किती मिनिटांवर आहे आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीनंतर रिक्षा मिळते का, हे आधी विचारतो.

आता समोर दिसणारा हा भाग द्रोणागिरी नोड, म्हणजे नवी मुंबईतील एक नियोजित वसाहत, म्हणून ओळखला जातो. रुंद रस्ते, अर्धवट भरलेले भूखंड, त्यांवर उगवलेले गवत आणि मधूनमधून चार-सात मजल्यांच्या नव्या इमारती. या इमारती कोणाच्या, हा प्रश्न विचारल्याशिवाय येथील भाडे समजत नाही.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसविणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. या जमिनी म्हणजे भाताची खाचरे होती आणि मिठागरे होती. मिठाचे आगर पिकविणाऱ्यांचा हा मुलूख, आणि आगरी हे समाजाचे नावही त्याच आगराशी जोडले जाते. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. उरणमध्ये आज ‘साडेबारा टक्के’ हे शब्द कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. ते अंकगणिताचे न राहता घराण्याच्या इतिहासाचे झाले आहेत. ज्याच्या वाट्याला असा भूखंड आला त्याने बहुधा एखाद्या बिल्डरशी करार केला, आणि इमारत उभी राहिल्यावर तिच्यातील काही सदनिका त्याच्या नावावर झाल्या. एकीत तो राहतो, एक मुलासाठी ठेवतो आणि उरलेली भाड्याने देतो.

म्हणून येथील घरमालक हा मुंबईतल्या घरमालकासारखा दूरस्थ गुंतवणूकदार असेलच असे नाही. तो बहुधा त्याच जिन्यावर भेटतो. त्याच्या आजोबांनी ज्या जमिनीत भात लावला, त्याच जमिनीवरच्या तिसऱ्या मजल्याचे भाडे तो दर महिन्याच्या पाच तारखेला मोजून घेतो, आणि भाडेकरू दोन दिवस उशीर करू लागला तर फोन न करता दारात येऊन उभा राहतो. त्याच्या दृष्टीने हे भाडे म्हणजे जोडधंदा नव्हे. जमीन गेल्यावर जे पीक उरले, ते हे. त्याच्या आग्रहाकडे आणि प्रसंगी त्याच्या कडकपणाकडे पाहताना हे लक्षात ठेवलेले बरे.

नोडच्या बाहेर, गावठाणात, चित्र वेगळे आहे. कुटुंब वाढले, जमीन संपादनात गेली, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही. त्यामुळे लोकांनी घराच्या मागे, घराच्या वर, जमेल तशी बांधकामे केली. या बांधकामांना येथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि त्यांना नियमित करण्याचे प्रश्न वर्षानुवर्षे शासनदरबारी फिरत आले आहेत. अशा घराचे भाडे नोडमधल्या सदनिकेपेक्षा कमी असते. तेथे सोसायटी नसते, उद्वाहक नसतो आणि भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याच्या सरकारी दाखल्याची, विचारणा केली तर घरमालक चक्रावून पाहतो. कागद म्हणून ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल एवढेच दाखवता येते. गॅसजोडणी, शाळाप्रवेश किंवा बँकेतील पत्ता बदलण्यासाठी करारनामा लागणार असेल, तर भाडेकरूने या दोन कागदांवरील नाव आणि भाडे घेणाऱ्याचे नाव एकच आहे ना, हे पाहावे. चार भावांच्या सामाईक घरात थोरल्याने दिलेली खोली धाकट्याला मान्य असतेच असे नाही.

करारनामा म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार. तो अकराच महिन्यांचा का, हे येथे फार थोड्यांना सांगता येते. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक होती. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने हे कारणच संपवले, कारण त्यानुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. कारण संपले तरी सवय राहिली, आणि अकरा महिन्यांचे उरणपासून दहिसरपर्यंत घरांचे एक स्वतंत्र वर्षच होऊन बसले.

नोंदणीचा खर्च किती, याविषयी मध्यस्थ जे आकडे सांगतात त्यांत त्यांचे मानधन मिसळलेले असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्या एकूण रकमेत मिळवले जाते. समजा, भाडे दहा हजार रुपये, अनामत पन्नास हजार आणि मुदत अकरा महिने असेल, तर शुल्क तीनशे रुपयांच्या वर जात नाही. नोंदणी फी नगरपालिका क्षेत्रात एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये आहे. उरण शहरात नगरपरिषद आहे आणि दहा मिनिटांवरच्या गावात ग्रामपंचायत, त्यामुळे हा पाचशेचा फरक येथे प्रत्यक्ष जाणवतो. दोन्ही पक्षांचे अंगठे आता घरी आणलेल्या यंत्रावर घेतले जातात. आम्ही चित्रीकरण करीत असताना एका आजींच्या अंगठ्याचा ठसा काही केल्या उमटेना. आयुष्यभर मासळी साफ करून रेषाच पुसल्या होत्या. शेवटी करंगळीवर काम झाले आणि आजी स्वतःच हसल्या.

सोसायटी असलेल्या इमारतीत भाडेकरू ठेवला की घरमालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेतले जाते. शासनाच्या 2001 च्या निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. ते देण्याची जबाबदारी मालकाची. परंतु करारात नीट लिहिले नसेल तर ते नकळत भाडेकरूच्या पदरात पडते.

आता शांततेविषयी. जाहिरातींत ‘शांत, निसर्गरम्य परिसर’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. पीरवाडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली संध्याकाळी बसले, किंवा पाणजे येथील पाणथळीवर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी पाहिले, की मुंबईतून येथे राहायला आलेला माणूस आपल्या निर्णयावर खूश असतो. परंतु येथील शांतता सलग नसते. बंदराकडे जाणारे ट्रेलर रात्रभर चालतात आणि नोडच्या रस्त्यांच्या कडेने रांगेने उभे केलेले असतात. दुचाकीवरून रात्री उशिरा परतणाऱ्यांना या अंधारातल्या, दिवे न लावलेल्या ट्रेलरांची जी भीती वाटते, तिचा उल्लेख कोणताही मध्यस्थ करीत नाही. घर रविवारी दुपारी दाखवले जाते. ते एकदा कामाच्या दिवशी रात्री दहा वाजता पाहावे, असे आमचे मत झाले आहे.

मग लग्नसराई येते. आगरी-कोळी घरात हळद म्हणजे गावाची हळद. मांडव रस्त्यावर पडतो, धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते, आणि त्यानंतर बेंजो सुरू झाला की जवळच्या तिसऱ्या मजल्यावरील खिडकीची तावदाने थरथरतात. शांततेसाठी भाडे भरणाऱ्याला ही फसवणूक वाटू शकते. मांडव घालणाऱ्याच्या दृष्टीने गाव त्याचे आहे आणि भाडेकरू अकरा महिन्यांचा आहे. दोघांचेही म्हणणे ऐकल्यावर आम्हाला एवढेच दिसले की, ज्या भाडेकरूला हळदीचे आमंत्रण गेले होते त्याची तक्रार नव्हती. सुक्या मासळीचेही तसेच आहे. गच्चीवर बोंबील आणि जवळा वाळत घातलेला असतो, त्याचा वास सर्वांच्या घरात शिरतो. मुंबईत मासे खातो म्हणून ज्यांना घरे नाकारली गेली, अशा कुटुंबांना हा वास परवानगीसारखा वाटतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पाणी हा उन्हाळ्यातला विषय आहे. उरण शहराला आणि आसपासच्या अनेक गावांना रानसई धरणाचे पाणी येते, आणि पाऊस लांबला की पाणीकपात जाहीर होते. टाकी किती लिटरची आहे, टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, आणि पाणी कोणत्या वेळी सोडले जाते, हे प्रश्न एप्रिलमध्ये सुचून उपयोग नसतो. डासांचा प्रश्न मात्र बारमाही आहे. आजूबाजूला कांदळवन आणि साचलेले पाणी असल्यामुळे दिवेलागणीला खिडक्या बंद कराव्या लागतात; जाळी बसविलेली नसेल तर ती बसवून घेण्याची अट आधीच घालावी.

आणि खारी हवा. समुद्राकडे तोंड असलेली बाल्कनी पाहून ज्याने घर घेतले, त्याला वर्षभरात खिडकीच्या गजांवर, सायकलच्या साखळीवर आणि वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर गंज दिसू लागतो. नैऋत्येकडून येणारा पाऊस ज्या भिंतीवर थेट आपटतो, त्या भिंतीला आतून ओल येते आणि कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते. घर सोडताना घरमालक रंगकामाचे पैसे अनामतीतून कापतो, आणि ही ओल भाडेकरूने केली की पावसाने, यावर वाद होतो. जुने जाणते भाडेकरू राहायला येण्याच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून घरमालकाला पाठवून ठेवतात. येथील सल्ल्यांपैकी हा आम्हाला सर्वांत कामाचा वाटला. भराव टाकून तयार केलेल्या भूखंडांवरील तळमजल्याच्या घरांत, मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर पाणी निघायला वाट राहत नाही. अशी घरे जुलैमध्ये पाहावीत, मार्चमध्ये नव्हे.

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ‘विमानतळापासून इतक्या मिनिटांवर’ असे फलक उरणच्या रस्त्यावर दिसू लागले. घरमालक नव्या करारात वाढ मागताना आता या फलकांकडे बोट दाखवतात. भाडेकरू ओहोटीकडे, पाणीकपातीकडे आणि लोकलच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवतो. कराराच्या दहाव्या महिन्यात जिन्यावर, गच्चीवर किंवा कोटनाक्यावरच्या चहाच्या टपरीवर हे बोलणे सुरू होते, आणि बहुतेक वेळा ते चार-पाचशे रुपयांच्या वाढीवर मिटते.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही द्रोणागिरीतून निघालो त्या दिवशी एका इमारतीखाली टेम्पो उभा होता. त्यातून गादी, दोन बादल्या, गॅसची शेगडी आणि दोरीने बांधलेली पुस्तके उतरत होती. घरमालक वर गच्चीवर ताडपत्री ताणत होता, कारण ढग आले होते. त्याने वरूनच ओरडून नव्या भाडेकरूला सांगितले, ‘‘शेगडी आतल्या खोलीत ठेवा, बाहेरच्या भिंतीला लावू नका. तिथं पाणी येतं.’’ भाडेकरूने मान वर करून पाहिले, खिशातून मोबाइल काढला आणि आत जाऊन त्या भिंतीचे छायाचित्र घेतले.