बिल फाडलं म्हणजे कमाई झाली का?

मागे ऐकू येतंय ना? बरं. आजचा विषय आहे सबस्क्रिप्शन बिलिंगचं सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंटिंगला जोडणं. यात अडचण अशी की अकाउंट्सवाल्यांना वाटतं हे डेव्हलपरचं काम आणि डेव्हलपरला वाटतं हे अकाउंट्सवाल्यांचं, मग ते कुणाचंच राहत नाही आणि महिनाअखेरीला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

मी डेव्हलपर. पहिल्यांदा हे काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी काय केलं सांगतो. पेमेंट झालं की बिलिंगकडून वेबहुक, म्हणजे आपोआप सुटणारा निरोप, येतो, तो पकडला आणि अकाउंटिंगच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दाराला, एंट्री मारली, बँक डेबिट, विक्री क्रेडिट, झालं. दोन दिवसांत काम खल्लास, मी खूश. महिना संपला आणि अकाउंट्सच्या मॅडमनी बोलावलं, स्क्रीनवर एका ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "ही १२,००० ची विक्री याच महिन्यातली का?" मी म्हटलं हो मॅडम, पैसे आलेत ना. "पैसे आलेत हो. पण सर्व्हिस वर्षभर द्यायचीये ना? उद्या गिऱ्हाईक म्हणालं बंद करा, उरलेले परत द्या, तर काय सांगणार, ती आमची कमाई होती म्हणून?"

मला तोवर खरंच माहीत नव्हतं की आलेला पैसा आधी देणं म्हणून लिहितात. म्हणजे वार्षिक प्लॅनचे १२,००० आले की ते डिफर्ड रेव्हेन्यूमध्ये बसतात, ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला, आणि महिना सरला की त्यातले १,००० उचलून उत्पन्नात न्यायचे, असं बारा वेळा. आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग मानक आणि अमेरिकेतलं एएससी ६०६, दोन्ही मे २०१४ मध्ये आले, दोन्हींचं सार हेच की सर्व्हिस दिली जाईल तशी कमाई धरा, पैसे कधी आले त्यावर जाऊ नका. बिलिंग सॉफ्टवेअरला कळतं 'किती मागायचे आणि कधी', हिशेबाला हवं असतं 'कमावले किती', आणि मी या दोन प्रश्नांना एकच उत्तर चिकटवून मोकळा झालो होतो.

आता बारा भाग करणं सोपं वाटतं. १०,००० चा प्लॅन घ्या. महिन्याला ८३३.३३, गुणिले बारा, ९,९९९.९६. उरले ०.०४. हे ०.०४ कुठं जातात? कुठंच जात नाहीत, डिफर्डच्या खात्यात पडून राहतात, आणि पाच हजार गिऱ्हाइकांचे असे तुकडे साचले की ऑडिटर विचारतो हे २०० कुणाचे. म्हणून शेवटच्या महिन्याला ८३३.३७ टाकायचे, उरलंसुरलं सगळं तिथं. आणि रक्कम साठवताना दशांशाचं फ्लोट (आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका, सगळ्यात लहान एककात पूर्णांक ठेवा. फक्त प्रत्येक चलनाला शंभरनं भागायचं असंही कोडमध्ये ठोकून देऊ नका, जपानी येनला दशांश नसतातच आणि कुवेती दिनारला तीन असतात.

बँकेचं बघू, कारण सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथंच आहे. समजा तीन जणांनी प्रत्येकी १,००० भरले, एका जुन्या गिऱ्हाइकाला ५०० परत दिले, गेटवेनं, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीनं, फी कापली ९०. बँकेत एकच रक्कम येते, २,४१०. आता अकाउंट्सवाला बँक स्टेटमेंट घेऊन बसलाय आणि २,४१० चं बिल शोधतोय, त्याला ते जन्मात सापडणार नाही, कारण असं बिलच नाहीये. यावर उपाय म्हणजे मध्ये एक क्लिअरिंग खातं उघडा, गेटवेच्या नावानं. पेमेंट आलं की ते डेबिट करा, रिफंड आणि फी त्यातून क्रेडिट, आणि बँकेत रक्कम पडली की २,४१० क्रेडिट. ३,००० वजा ५०० वजा ९० वजा २,४१०, शून्य. त्यात जे काही शिल्लक दिसेल ते फक्त वाटेत असलेले पैसे असायला हवेत, त्याहून एक पैही वेगळी दिसली तर काहीतरी चुकलंय. मी आजही सकाळी कोड उघडायच्या आधी हे खातं उघडतो.

वेबहुकवर थोडं बोलतो. एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो आणि क्रम उलटा होऊ शकतो, म्हणजे रिफंड आधी आणि पेमेंट नंतर. स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे सरळ लिहिलंय, आणि तुमचा सर्व्हर बंद असेल तर ते तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहतात हेही. तेव्हा प्रत्येक इव्हेंटचा आयडी जपून ठेवा, तोच परत आला तर मुकाट सोडून द्या. हे सगळेच सांगतात. पण त्या तीन दिवसांत महिना बदलला तर काय? ३१ तारखेचं पेमेंट तुमच्याकडे ३ तारखेला पोचलं, तोवर मॅडमनी मागचा महिना लॉक केलाय, एपीआय एंट्री घेत नाही, तुमचा कोड पुन्हा प्रयत्न करतो, परत एरर, आणि लॉग बघायला कुणालाच वेळ नाही. हे आधी बसून ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं की लॉक झालेल्या महिन्याची एंट्री चालू महिन्यात टाकायची, मूळ तारीख नॅरेशनमध्ये, म्हणजे एंट्रीच्या शेऱ्यात, लिहायची, आणि रक्कम मोठी असेल तर मॅडमना मेल. त्यात टाइमझोनचं लफडं वेगळंच, बिलिंग चालतं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि वह्या चालतात कंपनीच्या घड्याळावर, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या रात्रीची बिलं एकीकडे या महिन्यात आणि दुसरीकडे पुढच्या महिन्यात दिसतात.

मध्येच प्लॅन बदलला तर जुन्या बिलाला हात लावू नका, क्रेडिट नोट (जुन्या बिलातली रक्कम कमी करणारा कागद) काढा आणि नवं बिल करा, एवढंच.

एक वादाचा मुद्दा राहिला, प्रत्येक बिल अकाउंटिंगमध्ये पाठवायचं की दिवसाची एक एकत्र जर्नल एंट्री. गिऱ्हाइकं थोडी असतील तर बिलवार पाठवा. हजारोंनी असतील तर माझं मत एकत्र एंट्री, तपशील बिलिंगमध्ये राहू दे, फक्त एंट्रीवरून त्या दिवसाच्या यादीपर्यंत पोचता आलं पाहिजे आणि तिची बेरीज जुळली पाहिजे. बिलवार कर दाखवावा लागत असेल तर मात्र आधी अकाउंटंटला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

आणि जोडणी सुरू करायचा दिवस. त्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं आपापल्या वर्षाच्या मध्यावर कुठंतरी असतात, कुणाचे सात महिने उरलेत, कुणाचे दोन, आणि नव्या सिस्टिमला यातलं काहीच ठाऊक नसतं. आम्ही प्रत्येकाची उरलेली रक्कम एका एक्सेलमध्ये काढली, तिची बेरीज ताळेबंदातल्या डिफर्डशी लावली, तर जुळेना. चार दिवस गेले. शेवटी निघालं काय, तर सुरुवातीला मी थेट विक्रीत टाकलेल्या त्याच एंट्र्या, त्यातल्या काही दुरुस्त करायच्या राहून गेल्या होत्या. मॅडमनी ती एक्सेल अजून बंद केलेली नाही, दर महिन्याला एकदा सिस्टिमशी तिची रुजवात घालतात, आणि मीही त्यांना ती बंद करा असं म्हणत नाही. हं, मागे कुणाचा तरी हात वर आहे मघापासून, विचारा.