शामोनीची हिमनदी आणि तिचा हिशोब

फ्रान्समधल्या शामोनी गावाचं नाव ट्रेकिंगवाल्या मंडळींना नवीन नाही. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं, डोक्यावर माँ ब्लाँचं शिखर, पलीकडे इटली, थोडं उत्तरेला स्वित्झर्लंड. ते सगळं फोटोत दिसतं. मला बोलायचंय बोसाँबद्दल. माँ ब्लाँच्या माथ्याकडून निघून थेट गावाच्या अंगावर उतरणारी ही हिमनदी. उतार खडा, म्हणून चाल जलद. जलद म्हणजे किती? एका माणसाच्या हयातीत वरचं खाली पोचेल, इतकी.

हे शामोनीकरांना कळलं ते फार वाईट रीतीने. १८२० मध्ये माथ्याकडे निघालेल्या एका तुकडीवर हिमलोट आला आणि तीन वाटाडे हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. घरं उघड्यावर पडली. पुढच्याच वर्षी गावातल्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. अपघातात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी हा तिचा पाया. ती संघटना आजही आहे. फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हिमनदीचा वेग मोजून सांगितलं, साधारण चाळीस वर्षांनी हे लोक खाली येतील. १८६१ मध्ये बोसाँच्या तळाशी हाडं, कपड्यांच्या चिंध्या निघू लागल्या. गंमत बघा, अर्थात गंमत म्हणायची जीभ होत नाही: १८२० मध्ये शामोनी सार्डिनियाच्या राज्यात होतं, १८६० मध्ये सव्हॉय, म्हणजे शामोनीचा प्रांत, फ्रान्सला मिळालं. गेले एका राज्यात, निघाले दुसऱ्या. हिमनदीला त्याचं काय! माथा नेमका कुणाचा यावर फ्रान्स आणि इटलीचे नकाशे आजही जुळत नाहीत.

आता आपल्याकडचं. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माथ्याजवळ आदळलं. ४८ जण गेले, त्यात बहुतेक जहाजावर कामाला निघालेले खलाशी. शोधाला वर निघालेला शामोनीचा एक वाटाड्याही भेगेत पडून गेला. पुढे २४ जानेवारी १९६६. मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाकडे चाललेलं बोइंग ‘कांचनजंगा’, जवळपास त्याच जागी. ११७ जण गेले. त्यांत व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले होमी भाभा. घातपाताची चर्चा आपल्याकडे अजून मिटत नाही. मी तिच्यात पडत नाही, कारण चौकशीत जे निघालं तेच पुरेसं सुन्न करणारं आहे: एक दिशादर्शक यंत्र बंद, आणि शिखर मागे पडलं असं समजून वैमानिकाने विमान खाली घ्यायला सुरुवात केली.

ते सामान आता खाली येतंय. २०१२ मध्ये डोंगरातल्या बचावपथकातल्या एका माणसाला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. वर्षभराने एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणकं भरलेली पेटी मिळाली. त्याने ती उचलून थेट पोलिसांकडे दिली. वारस काही सापडले नाहीत. अखेर २०२१ मध्ये निम्मे खडे त्याला, निम्मे गावाला. गावाचे खडे तिथल्या स्फटिकांच्या संग्रहालयात आहेत. कुणाच्या घरच्या लग्नासाठी चालले होते, की कुणा जवाहिऱ्याचा माल, कोण सांगणार.

मला मात्र चटका लावून गेली ती २०२० मधली रद्दी. हो, रद्दीच. हिमनदीपासून पाऊण तासाच्या चालीवर एक कॅफे आहे. त्याच्या मालकाला बर्फात भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिसला. ओलाचिंब. त्याने एकेक पान जपून सुटं केलं आणि वाळत घातलं. कागद ५४ वर्षांचा, पण अक्षर शाबूत. एका पानावर इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार, ही बातमी. विमान पडलं त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला होता.