मुद्दाम की चुकून?

(पडदा काळा. कूलरची घरघर. बटणाची टक्. पंखा मंदावत थांबतो. पाणी ठिबकतं, मग तेही थांबतं.)

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करायला छाती लागते. पारा 45 च्या पुढे, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ऐन तापाचे नऊ दिवस, तोंडावर, आणि खोलीत नऊ माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. तरी कूलर बंद होतो, कारण कुणीतरी स्वतः रचलेलं काहीतरी आणलंय. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, नुसतं वाद्य. चार मिनिटं अकरा सेकंद.

चार मिनिटं अकरा सेकंद म्हणजे किती, ते कूलर बंद असला की फार नीट कळतं.

(सकाळची गल्ली. फुललेला गुलमोहर. जिन्याखाली चपलांचा ढीग.)

लक्ष्मीनगरातल्या एका घराचा वरचा मजला. दर दुसऱ्या रविवारी सकाळी सातला ही मंडळी इथं जमतात. बासरी वाजवणारा एक जण बँकेत आहे, गिटारवाला पोट्टा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एक काका वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि आता व्हायोलिन काढून बसतात. एक ताई शाळेत गणित शिकवतात. संगीतावर पोट कुणाचंच नाही. घरी, फोनवर नाहीतर लॅपटॉपवर, स्वतःची रचना रेकॉर्ड करायची, इथं आणायची आणि बाकीच्यांनी ऐकून सांगायचं. काय सांगायचं, इथंच खरी अडचण असते.

‘छान’ हा शब्द इथं बंद आहे. ‘मस्त’, ‘एक नंबर’, ‘जबरदस्त’, तेही बंद. ताईंनी वर्गातल्यासारखा दंड लावलाय: तोंडातून ‘मस्त’ निघालं की पुढच्या वेळचे तर्री पोहे तुमच्याकडून. मी कॅमेरा घेऊन आलेलो, म्हणजे पाहुणा. तरी दुसऱ्याच रविवारी पोहे माझ्याकडून झाले.

मैफलीत असले नियम लागत नाहीत. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते वसंतराव लहानपणी याच शहरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. कधी त्या सभागृहात मागच्या रांगेत बसून पाहा. गाणारा फिरून समेवर येतो आणि त्याच श्वासात अंधारातून कुणीतरी ‘क्या बात है’ म्हणतं. त्या तीन शब्दांत तसं सांगितलेलं काहीच नसतं. पण ते कोणत्या क्षणी आले, यावरून गाणाऱ्याला कळतं की ही जागा पोचली. आणि मघाच्या जागेला सभागृह गप्प होतं, तेही त्याच्या ध्यानात राहतं.

फाइलचं तसं होत नाही. बासरी मंगळवारी रात्री वाजवलेली. मित्रानं ती गुरुवारी ऑटोत बसून ऐकली, शुक्रवारी अंगठा पाठवला. हा अंगठा कशाला दिला? सुरुवातीच्या आलापाला, की एकदाची संपली म्हणून?

(जवळून: कागदाच्या चिठ्ठ्या, वेगवेगळी अक्षरं.)

म्हणून इथली रीत अशी. पहिल्यांदा ऐकताना बोलायचं नाही. मानसुद्धा डोलवायची नाही, कारण एकाची मान हलली की बाकीच्यांच्या आपोआप हलतात. दुसऱ्यांदा ऐकताना हातात चिठ्ठी. जिथं काही झालं, कान टवकारले, खटकलं, हसू आलं, लक्ष उडालं, तिथला मिनिट आणि सेकंद लिहायचा. का झालं ते मागाहून. आधी कुठं ते सांगा.

यातल्या काही चिठ्ठ्या मी मागून घेतल्या.

‘1:02. इथं वाटलं, हेच पुन्हा यावं. आलं नाही.’

‘3:30. संपलं असं वाटलं. संपलं नव्हतं.’

आणि ही माझी लाडकी: ‘2:14. इथं मी पंख्याकडे पाहिलं.’

‘मधला भाग कंटाळवाणा आहे’ असं कुणी म्हटलं असतं, तर गिटारवाला भांडला असता, आणि बरोबरच भांडला असता. पण समोरच्यानं पंख्याकडे पाहिलं, याच्याशी भांडणार कसं? त्या दिवशी नवापैकी चार जणांचं लक्ष सव्वादोन मिनिटांच्या आसपास उडालं होतं. एकीनं स्वयंपाकघरात गॅस बंद केला का ते आठवून पाहिलं होतं. पोट्ट्यानं चारही चिठ्ठ्या मांडीवर शेजारी शेजारी लावल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाला, “तिथं मी तोच तुकडा चारदा कॉपी करून टाकलाय.” त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

(बासरी. खाली तानपुरा. तानपुऱ्यात काहीतरी हलतंय.)

आता हे नीट ऐका. बँकेतल्या दादांची बासरी, पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. तानपुरा फोनच्या अॅपमधला. पहिले वीस सेकंद.

चिठ्ठ्यांवर काय काय आलं पाहा. ‘तानपुरा हेलकावतो.’ ‘झोपाळ्यावर बसल्यागत होतं.’ ‘डोकं गरगरलं.’ ताईंच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सेकंदाला 2’ लिहिलेलं. त्यांनी घड्याळ लावून मोजले होते.

दादा वरमले. म्हणाले, माइक साधा आहे, चांगला घ्यावा लागेल. बर्डीच्या बाजारात जाऊन किंमतही विचारून आले होते. पुढं काय होतं ते आपल्याला पाठ आहे. कुणीतरी ‘रेकॉर्डिंगची क्वालिटी सुधारा’ म्हणतं, माणूस दहा-बारा हजार घालतो, आणि नव्या माइकमध्ये तानपुरा तसाच हेलकावत राहतो.

काकांनी डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं.

“कूलर चालू होता का रे?”

“या खोलीतला नव्हता, काका. बाजूच्या खोलीत आई झोपली होती.”

“तेच म्हणून राहिलो.”

चाळीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकलेला कान आहे हा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं. तिच्यावर चालणारी मोटर गुणगुणते ती त्याच्या दुपटीनं, 100 हर्ट्झवर. आणि पांढरी पाचचा खालचा षड्ज येतो 98 वर. दोन सूर इतके जवळ आले की कानाला ते दोन ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो, लहानमोठा होत राहणारा. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले, राहिले दोन. सेकंदाला दोन हेलकावे. ताईंनी मोजलेले नेमके तेवढेच.

पांढरी चारमध्ये वाजवलं असतं तर कूलर नुसता मागं घरघरला असता. पांढरी पाचला तो थेट तानपुऱ्यात जाऊन बसला.

इथं मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हे उत्तर काकांकडे होतं खरं, पण ते बाहेर काढलं झोपाळ्यानं. ‘झोपाळ्यावर बसल्यागत होतं’ हे लिहिणारी बारावीची मुलगी आहे. तिला हर्ट्झ वगैरे ठाऊक नाही. तिनं फक्त स्वतःला काय झालं ते खरं खरं लिहिलं. अनेकांना वाटतं की आपल्याला संगीतातलं कळत नाही, मग आपण काय बोलणार. आणि ज्यांना थोडंफार कळतं, ते लगेच डॉक्टर होऊन औषध सांगायला लागतात: बेस वाढव, रिव्हर्ब कमी कर. दुखतं कुठं ते राहूनच जातं.

गिटारवाल्याचं पोट्ट्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. “तुझा ताल सुटून राहिला बे.” त्यानं महिनाभर मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, लावून घासलं. ताल तरी मागंच. शेवटी ताईंनी दहा ठिकाणी मोजून पाहिलं, तर दर ठिकाणी उशीर सारखाच, सेकंदाचा जवळपास पाचवा भाग. माणसाचा ताल सुटतो तेव्हा तो कधी पुढं पळतो, कधी मागं राहतो. इतका शिस्तशीर उशीर माणूस करत नाही. तो वायरलेस इअरफोनचा होता. ठेका त्याच्या कानात पोचायचाच उशिरा, त्याच्यावर तो अगदी बरोबर वाजवायचा. वायरचा इअरफोन लावला, प्रश्न मिटला. महिनाभराचा रियाज मात्र वाया गेला नाही, असं तो म्हणतो. म्हणो बापडा.

(फुटाळा तलाव, संध्याकाळ. की-बोर्डचे सूर.)

काकांचाही नेम चुकतो कधी कधी. की-बोर्ड वाजवणारा मुलगा एक रचना घेऊन आला, नाव ‘फुटाळा, साडेसहा’. काकांच्या चिठ्ठीवर दोन ओळी. ‘0:40. गंधार टोचतो.’ ‘1:15. यमनमध्ये शुद्ध मध्यम लावला. चूक.’

पहिली ओळ सोळा आणे खरी. तानपुऱ्याच्या तारेतून एक गंधार आपसूक उमटत असतो, आणि की-बोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा, अर्ध्या सुराचा सातवा भाग. की-बोर्ड बनवतानाच तो तसा ठेवलेला, त्यात मुलाचा दोष नाही. पण खाली तानपुरा ठेवून गंधारावर इतका वेळ थांबलं तर टोचणारच. एक तर तिथं थांबू नये, नाहीतर तानपुरा तेवढ्यापुरता काढावा. मुलानं लिहून घेतलं.

यमन रागात मध्यम तीव्र लागतो, म्हणून दुसरी ओळ. तिच्यावर मुलगा म्हणाला, “काका, मी यमन म्हटलंच नव्हतं.”

खोलीत शांतता. मुलगा एकोणीस वर्षांचा, काका सत्तरीच्या घरातले. मला वाटलं, आता ‘आमच्या वेळी’ सुरू होणार. काकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

“बरं. यमन नाही. मग मला एवढंच सांग, तो शुद्ध मध्यम मुद्दाम की चुकून?”

मुलगा अडखळला. मग म्हणाला, चुकून लागला होता, पण ऐकल्यावर आवडला म्हणून ठेवला.

“मग असा दबकत काऊन लावला? एकदाच येतो, तोही चोरासारखा. ठेवायचा तर पुन्हा आण. दोनदा आला की मी चूक म्हणणार नाही.”

त्या दिवसापासून ‘मुद्दाम की चुकून’ हा इथला परवलीचा प्रश्न होऊन बसलाय. यात आरोप नाही आणि सूटही नाही. ज्यानं रचलंय त्याला आपल्याच रचनेकडे परत जावं लागतं.

(निवेदक कॅमेऱ्यासमोर नाही. रिकामी खुर्ची, हेडफोन.)

माझी स्वतःची एक गोष्ट सांगून टाकतो. ही मंडळी भेटायच्या दोनेक वर्षं आधी एका ओळखीच्या मुलीनं मला तिची रचना पाठवली होती. सहा मिनिटांची, सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर केलेली. मी ती फोनच्या स्पीकरवर ऐकली, भाजी चिरता चिरता. कळवलं, ‘पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही, कापून टाक.’ तिनं कापली. पुढं कधीतरी जुनी फाइल हेडफोनवर लागली. त्या दोन मिनिटांत खाली खर्जात एक सूर अगदी हळू वर चढत होता. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही. डग्ग्याची मींड जाते, सिंथचा तळ जातो. घडत सगळं होतं, मला ऐकू येत नव्हतं. तिला हे सांगायला मी सहा महिने लावले.

आता चिठ्ठीच्या कोपऱ्यात मी आधी लिहितो, कशावर ऐकलं. बाकीचेही लिहू लागलेत. आणि दोन आवृत्त्या आणल्या तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घेतात, कारण जी मोठ्यानं वाजते ती कानाला उगीच सरस वाटते. यात भलेभले फसतात.

(पोह्यांवर तर्री. वाफ. हसण्याचे आवाज.)

साडेनऊला कूलर पुन्हा सुरू होतो आणि पोहे येतात. खरं बोलणं तेव्हा चालतं. उन्हाळ्यात बासरी चढते आणि गिटारच्या तारा उतरतात, मग मेमध्ये दोघांनी एकत्र रेकॉर्ड करावं की नाही, यावर त्या दिवशी तासभर वाद झाला. निकाल लागला नाही. तर्री संपली म्हणून उठले.

(अंधार. मग खिडकीत उजेड. पुढचा रविवार.)

बँकेतल्या दादांनी रचना पुन्हा वाजवून आणलीय. पहाटे पाचला उठून. घरातले सगळे कूलर बंद, आई गच्चीवर झोपायला गेलेली. माइक तोच जुना.

टक्. कूलर थांबतो. बासरी सुरू होते. तानपुरा आता पाण्यासारखा स्थिर. पहिले वीस सेकंद जातात, ताईंचं घड्याळ खाली ठेवलेलं आहे. बारावीची मुलगी डोळे मिटून बसलीय.

सत्तेचाळिसाव्या सेकंदाला बासरी पंचमावर श्वास घ्यायला थांबते. त्या रिकाम्या जागेत, दूरवरून, कोकीळ. दोनदा.

पहिलं ऐकणं आहे, मान हलवायची नाही. तरी तीन माना हलतात.

फाइल संपते. काका चष्मा पुसत दादांकडे पाहतात.

“सत्तेचाळीस. मुद्दाम की चुकून?”