रस्त्याखालची पांढर

नमस्कार श्रोतेहो.

गावच्या जमिनीला आपल्याकडे दोन नावं आहेत. पिकते ती काळी, आणि घरं बांधून माणसं नांदतात ती पांढर. चुलीची राख, शेणमाती, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचत जाते आणि वस्तीची जागा रंगावरूनच ओळखू येते. ओसाड गावाची पांढर गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८पासून अनेक हंगाम उत्खनन केलं आणि मातीची शंभराहून अधिक घरं उजेडात आणली, ती अशाच पांढरीतून.

आज सांगायचं आहे ते आयर्लंडबद्दल. तिथे अशी पांढर दिसत नाही. तिथल्या पहिल्या शेतकऱ्यांची घरं ओक लाकडाची. लाकूड कुजलं, वर गवत आलं आणि साडेपाच हजार वर्षं त्यावर गुरं चरली. त्यांची मोठमोठी दगडी थडगी मात्र उभी राहिली. त्यामुळे १९९०च्या सुमारास थडगी पुष्कळ माहीत होती, घरं अगदी मोजकी. मग ही माणसं राहत होती कुठे?

ते कळलं बरंचसं हायवेमुळे. देशात नवे महामार्ग येऊ लागले. २०००मध्ये रस्ते प्राधिकरण आणि सरकार यांच्यात करार होऊन रस्त्याआधी पुरातत्त्वीय तपासणी करण्याची घडी नीट बसली. मला यातली गंमत अशी वाटते, की संशोधक खणतो तिथे काहीतरी सापडेल या आशेने खणतो. रस्त्याला तशी आशा नसते. तो कुणाच्याही शेतातून, उतारावरून सरळ जातो. मोनॅहन परगण्यात कॅरिकमॅक्रॉसच्या बायपासवर मोनॅनी इथे तीन घरं निघाली. कॉर्क परगण्यात बार्नागोर आणि गोर्टोर इथेही निघाली. गॅसच्या पाइपलाइन, नव्या वसाहती, खाणी यांच्या खोदकामातली धरली, तर आज अशी ऐंशीहून अधिक घरं माहीत आहेत.

'घर निघालं' म्हणजे नेमकं काय निघालं? आधी जेसीबीने वरची माती अलगद खरवडतात. त्याच्या बकेटला दात नसतात, धार सपाट असते. खाली पिवळसर माती उघडी पडते, आणि एखाद्या ठिकाणी त्यात एक काळपट चौकोन दिसतो. बस्स, तेच घर! ओकच्या फळ्या उभ्या करायला खणलेला तो चर. ऊन लागलं की रंग उडतो, म्हणून पाणी शिंपडत राहायचं. मग गुडघ्यावर बसून लहान थापीने खांबाच्या खळग्यातली अर्धीच माती काढायची. उरलेल्या अर्ध्या भागात खांब सडला तिथली काळी माती उभ्या पट्ट्यासारखी दिसते, भोवती त्याला आवळून बसवलेले दगड.

काढलेली माती पाण्यात सोडतात. जळके दाणे तरंगून वर येतात, हेझलनटची करपलेली टरफलंही मिळतात. काळ ठरवायला ओकच्या कोळशापेक्षा हीच जास्त भरवशाची. ओक शेकडो वर्षं जगतो. त्याच्या गाभ्यातलं लाकूड घर बांधलं तेव्हाच जुनं असतं. दाणा मात्र एकाच हंगामाचा. असे दाणे आणि टरफलं तपासल्यावर कळलं, की यातली बहुतेक घरं साधारण इ.स.पू. ३७२० ते ३६२० या शंभरेक वर्षांतली आहेत. चार-पाच पिढ्या देशभर एकाच धाटणीची चौकोनी घरं बांधतात, आणि मग तशी घरं बांधणंच थांबतं. मला हे फार चटका लावून जातं.

आणि ते दाणे कसले? मुख्यतः खपली गव्हाचे! सातारा-सांगलीकडे ज्याची खीर करतात, तोच. नुसत्या मळणीने या गव्हाचं टरफल सुटत नाही, कांडावं लागतं. म्हणजे त्या ओकच्या भिंतींआड कुणीतरी रोज कांडत असणार. यातली बरीच घरं जळालेली सापडतात. ती आपसूक पेटली की मुद्दाम पेटवली, यावर अजून वाद आहे. पण त्या आगीत करपले म्हणूनच ते दाणे टिकले.

ही घरं आता जागेवर नाहीत. उत्खननात चर रिकामा झाला, की घराची तीही खूण पुसली जाते. नंतर खडी पडते, रोलर फिरतो. नकाशे, फोटो उरतात, आणि लेबल लावलेल्या डबीत तो काळा, सुरकुतलेला खपलीचा दाणा.