मुंबई बेट भाड्याने घेतलेला डॉक्टर

नमस्कार मंडळी! आपण सगळे भारतातनं इकडे परदेशात आलेले, पण आज मी उलट्या दिशेनं गेलेल्या माणसाबद्दल बोलणारे. गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज डॉक्टर, 1534 मध्ये गोव्यात उतरला तो परत काही गेला नाही. आईवडील मूळचे स्पेनचे ज्यू, 1492 ला तिथनं हाकलले गेले, पोर्तुगालला आले तर तिथे ज्यूंना जबरदस्तीनं ख्रिश्चन केलं. म्हणजे बाडबिस्तरा गुंडाळणं याच्या घरातच होतं.

गोव्यात त्याची प्रॅक्टिस जोरात चालली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही जायचा, तिथे हा त्याला रोगांची न् औषधांची लॅटिन नावं शिकवायचा आणि निजामशहा याला अरबी. आणि मुंबई बेट चक्क याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं! (आपल्यातल्या ज्यांनी ठाण्यात वन बीएचके बुक केलाय त्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

1563 मध्ये त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं, लॅटिनमध्ये नाही तर साध्या पोर्तुगीजमध्ये, आणि सगळं गप्पांच्या रूपात. स्पेनमध्ये शिकलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक डॉक्टर प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो, मधेच मोलकरीण अंतोनियाला हाक मारून हे आण ते आण सांगतो, आंब्याचा विषय निघतो तेव्हा त्याचा मुंबईचा माणूस आंब्यांची करंडी घेऊन हजर! रुआनो ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो तर हा म्हणतो, मला त्यांची भीती घालू नकोस, मी जे बघितलंय तेच सांगणार.

मला सगळ्यात भारी वाटतं ते कॉलऱ्याचं प्रकरण. आपली मोडशी हो, हेच नाव त्यानं लिहून ठेवलंय. रोग्याची नाडी कशी बुडत जाते, माणूस दिवसभरात कसा जातो, सगळं तपशिलात. आणि आपले वैद्य काय करतात तेही, तांदळाची पेज मिरी-जिरं घालून पाजतात, पायाला डाग देतात. राजाच्या दरबारात वावरलेला माणूस, पण इथल्या वैद्यांना विचारण्यात कमीपणा वाटला नाही.

एवढं मोकळेपणानं लिहिणारा हा माणूस स्वतःच्या ज्यू घराण्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. कारण 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे छुपे ज्यू वगैरे शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं होतं. 1568 मध्ये तो वारला, म्हणून वाचला म्हणायचं, कारण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू ठरवून जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये याचीही हाडं उकरून काढून जाळली.

पुस्तक तोवर युरोपभर पोचलं होतं. 1567 मध्ये अँटवर्पला क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप छापला, त्यात गप्पा सगळ्या कापल्या, त्यामुळे अंतोनियाही गेली. तिला भेटायचं असेल तर 1913 चं मार्कमचं इंग्रजी भाषांतर शोधा आणि सुरुवात आंब्यापासून करा, ग्रीकांची भांडणं नंतर वाचली तरी चालतील.