शून्य टक्क्यांची यादी

(दृश्य: 'सुपर मारिओ मेकर' या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने रचलेली एक लेव्हल, म्हणजे खेळाचा एक टप्पा. कोपऱ्यात आकडा दिसतो, १० टक्के.)

हा आकडा नीट बघा. ही लेव्हल दहातल्या एकालाच जमली, असा आपण त्याचा अर्थ लावतो. पण समजा, एकच खेळाडू आला, नऊ वेळा मेला, शिकत गेला आणि दहाव्या खेपेला शेवटच्या झेंड्यापर्यंत पोचला. खेळाचा हिशेब तेव्हाही दहाच टक्के दाखवेल, कारण तो माणसं मोजत नाही, प्रयत्न मोजतो. त्या खेळाडूला मजा आली का, रचना प्रामाणिक होती का, हे या आकड्यात कुठेच नाही.

'सुपर मारिओ मेकर' सप्टेंबर २०१५ मध्ये निंटेंडोच्या वी यू या कन्सोलवर आला. विटा, पाइप, कासवं, तोफा असं सगळं सामान खेळाडूंच्या हाती दिलं आणि म्हटलं, आता तुम्हीच रचा. मे २०१६ पर्यंत बाहत्तर लाखांवर लेव्हल सर्व्हरवर चढल्या होत्या. एवढ्या ढिगातून चांगलं निवडायचं कसं?

खेळाने पहिली अट घातली ती रचणाऱ्यालाच. लेव्हल चढवण्याआधी ती स्वतः पार करून दाखवायची. मला ही अट फार मोलाची वाटते. जे तुला जमत नाही, ते दुसऱ्याकडून मागू नकोस, एवढाच तिचा अर्थ. पळवाटा मात्र निघाल्याच. कुठेतरी अदृश्य ठोकळा लपवायचा, त्यातून चोरवाट काढायची आणि अवघड भाग टाळून स्वतः बाहेर पडायचं. नियम पाळल्यासारखा दिसतो, पण नंतर येणारा बिचारा अशक्य वाटेवर डोकं आपटत बसतो.

मग खेळणाऱ्यांचा कौल. पहिल्या मारिओ मेकरमध्ये तो एका ताऱ्यापुरताच होता. आवडलं तर तारा द्या, नाहीतर पुढे जा. पण या ताऱ्यांवर बरंच काही अवलंबून होतं. सुरुवातीला प्रत्येकाला दहाच लेव्हल चढवता येत. तारे वाढले की मर्यादा वाढे. ज्या लेव्हलकडे कुणी फिरकत नसे, ती काही काळाने सर्व्हरवरून काढलीही जाई. साहजिकच सौदे सुरू झाले: तू माझ्या लेव्हलला तारा दे, मी तुझ्या लेव्हलला देतो. अशा ताऱ्याला कौल कसं म्हणायचं?

२०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि ताऱ्याच्या जागी 'लाइक' आणि 'बू' आले. नापसंती दाखवता येणं योग्यच आहे. पण तिसऱ्या उडीला खड्ड्यात पडलेला माणूस रागाने 'बू' दाबून निघून जातो, आणि त्याने लेव्हलचा उत्तरार्ध पाहिलेलाही नसतो. अर्धवट खेळून दिलेलं मत आणि शेवटपर्यंत खेळून दिलेलं मत एकाच पारड्यात टाकणं मला पटत नाही.

(दृश्य: गेम जॅमच्या निकालाचा तक्ता.)

नवे खेळ थोड्या दिवसांत बनवायच्या स्पर्धांना गेम जॅम म्हणतात. तिथे स्पर्धकच एकमेकांना गुण देतात, आणि तिथे वेगळाच पेच आहे. तीन मित्रांनी पाचपैकी पाच दिले की सरासरी पाच! ऐंशी अनोळखी लोकांनी खेळून ४.६ दिले, तर तो खेळ खाली. इच डॉट आयओ या संकेतस्थळाने यावर तोड काढली. स्पर्धेतल्या खेळांना मिळालेल्या मतसंख्येचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढतात. एखाद्या खेळाला त्याहून कमी मतं असतील, तर त्याची मतं भागिले मध्यक, त्याचं वर्गमूळ, आणि त्याने सरासरीला गुणायचं. मध्यक बारा असेल आणि मतं तीन, तर वर्गमूळ अर्धं. पाचाचे अडीच होतात.

गणित चोख आहे, पण यात शिक्षा होते ती कुणी न पाहिलेल्या खेळालाही. त्याचा दोष काय, तर लोक आले नाहीत. म्हणून 'लडम डेअर' या जुन्या जॅमची रीत मला जास्त माणुसकीची वाटते. तिथे तुम्ही इतरांचे खेळ मन लावून खेळून गुण द्या, म्हणजे तुमचा खेळ अधिक लोकांपुढे ठेवला जातो. शिवाय किमान वीस जणांनी गुण दिल्याशिवाय निकालात क्रमांकच लागत नाही.

(दृश्य: लेव्हलची लांबलचक यादी. प्रत्येकीपुढे शून्य.)

पण न पाहिलेल्या रचनांची खरी कदर केली ती 'टीम झीरो पर्सेंट'ने. २०१७ मध्ये काही मारिओप्रेमी एकत्र आले. एकदाही पार न झालेली प्रत्येक लेव्हल शोधायची आणि पार करायची, हे त्यांचं काम. २०२१ च्या मार्चअखेर पहिल्या भागात नवी लेव्हल चढवणं बंद झालं, आणि यादी वाढायची थांबली. तिच्यातल्या कित्येक लेव्हल मुळात अवघड नव्हत्या. त्या मनापासून खेळायला कुणी गेलंच नव्हतं. कुणा अनोळखी माणसाने वर्षांपूर्वी रचलेली, विसरली गेलेली लेव्हल ही मंडळी शेवटपर्यंत खेळत होती. एखाद्या रचनेला याहून मोठा मान कोणता तारा देणार?

वी यूचे सर्व्हर एप्रिल २०२४ मध्ये बंद होणार, हे जाहीर झालं आणि कामाला घाई आली. १५ मार्चला 'द लास्ट डान्स' ही लेव्हल पार झाली. आता एकच उरली: 'ट्रिमिंग द हर्ब्ज', काही सेकंदांची, अचूकतेची परिसीमा मागणारी. जगभरचे निष्णात खेळाडू तिच्यामागे लागले.

आणि मग तिच्या रचणाऱ्याने सांगून टाकलं की ती चढवण्यापूर्वी त्याने हाताने पार केलीच नव्हती. बटणं यंत्राकडून दाबवून घेतली होती. म्हणजे पहिलीच अट मोडलेली होती. समूहाने सरळ निर्णय घेतला: ही लेव्हल हिशेबात धरायची नाही, 'द लास्ट डान्स' हीच शेवटची, काम पूर्ण.

तरी काही जण खेळत राहिले. आता यादीसाठी नाही, तर ही वाट माणसाच्या हाताला खरंच बंद आहे का, हे कळावं म्हणून. ५ एप्रिलला, सर्व्हर बंद व्हायला तीन दिवस असताना, एका खेळाडूने ती हाताने पार केली. यंत्राने दिलेला पुरावा खोटा होता, पण लेव्हल अशक्य नव्हती.